केईएमला ठाऊक होते

परळचे केईएम रुग्णालय मुंबई महापालिकेचे आहे. माहुलच्या हवेत माणसाच्या छातीचे काय होते, हे 2013 मध्ये याच रुग्णालयाने केलेल्या पाहणीत नोंदवले गेले. आणि 2017 पासून तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून हजारो कुटुंबांना त्याच माहुलला धाडणारीही महापालिकाच. एकाच संस्थेच्या पोटात हे दोन्ही कसे मावले, या प्रश्नाने मला बरीच वर्षे सोडलेले नाही. त्यापायी निकाल वाचले, नियम वाचले, 1888 चा महापालिका कायदाही कलमाकलमाने वाचला.

माहुलची ओळख वाचकांना नव्याने करून द्यायला नको. चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव, शेजारी आंबापाडा, चिखलपट्ट्यांवर उतरणारे रोहित पक्षी. 1954 मध्ये स्टँडर्ड व्हॅक्युमचा (पुढे तो एस्सोचा झाला) आणि 1955 मध्ये बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना येथे सुरू झाला; सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन त्यांचे एचपीसीएल आणि बीपीसीएल झाले. पुढे खतांचा कारखाना, वीजकेंद्र आणि रसायने साठवणाऱ्या टाक्यांच्या रांगा आल्या. गाव मात्र या सगळ्यांच्या आधीपासूनचे. कारखान्याशेजारी येऊन राहिलात तर भोगा, असे माहुलकरांना कुणी सुनावत असेल, तर त्याने आधी हा क्रम पाहावा.

केईएमच्या पाहणीतले आकडे पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा निघाले. पाहणी माहुल आणि आंबापाडा परिसरातल्या रहिवाशांची होती. त्यांच्यापैकी 67.1 टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. 86.6 टक्के लोकांचे डोळे चुरचुरत होते. 84.5 टक्के लोकांनी घुसमटल्यासारखे होते असे सांगितले. अहवालात टोल्युइन डायआयसोसायनेट या रसायनाचेही नाव आहे. श्वसनमार्गाला ते अतिशय त्रासदायक. शंभरातल्या चौऱ्याऐंशी-पंचाऐंशी जणांना घुसमटल्यासारखे होत असेल, तर त्या गावात एकेक रोगी तपासून काय साधणार? दोष गावच्या हवेतच शोधावा लागतो.

गावातल्या कोळी रहिवाशांनी हा अहवाल हाती धरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे दाद मागितली. 18 डिसेंबर 2015 रोजी निकाल आला: इथल्या हवेमुळे माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला जाणवण्याजोगा धोका आहे. निकाल खुला होता, कुणालाही मिळण्याजोगा. पुढे ऑगस्ट 2020 मध्ये न्यायाधिकरणाने एजिस, एचपीसीएल, बीपीसीएल आणि सी लॉर्ड या चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या एजिसचा होता.

इतके सगळे समोर असताना माणसे तिथे पाठवली गेली, ती कशी? गोष्ट सुरू होते पाण्यापासून. तानसाच्या जलवाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी जनहित मंच या संस्थेने 2006 मध्ये याचिका केली. 2009 मध्ये उच्च न्यायालयाने वाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करायला सांगितले. शहराचे पाणी सुरक्षित असावे, यात कुणाचे दुमत असणार? आदेशाची अंमलबजावणी 2017 मध्ये जोरात सुरू झाली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात 39 किलोमीटरचा सायकलमार्ग करायची योजनाही जाहीर झाली. विद्याविहार, घाटकोपर आणि वाहिनीकाठच्या इतर वस्त्यांतून निघालेल्यांना पर्याय एकच: माहुलची एव्हरस्माइल वसाहत. 72 इमारती, 17,205 घरे, प्रत्येक घर 225 चौरस फुटांचे. साडेपाच हजारांच्या आसपास कुटुंबे तिथे गेली.

इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत, की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तुंबलेली गटारे, गळके नळ, बंद लिफ्ट या तक्रारी सगळ्याच पुनर्वसन वसाहतींत ऐकू येतात. इथे त्यांच्या जोडीला खिडकीसमोर तेलकंपनीचे धुराडे आहे. शाळा लांब, मोठे सरकारी रुग्णालय लांब, पूर्वीच्या वस्तीजवळची धुण्याभांड्यांची कामे त्याहून लांब. ऑगस्ट 2018 मध्ये बीपीसीएलच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रहिवाशांनी वसाहत सोडून विद्याविहारला, पाडलेल्या घरांच्या जागेजवळच्या पदपथावर ठाण मांडले. 'जीवन बचाओ आंदोलन' असे त्याचे नाव. मेधा पाटकर आणि 'घर बचाओ घर बनाओ आंदोलन' त्यांच्या पाठीशी होते. न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्या खंडपीठाने 23 सप्टेंबर 2019 रोजी सांगितले, की कुणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही. पर्यायी घर नसेल तर महिना 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत द्या.

इथपर्यंतचे वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. मला अडवले ते दोन कागदांनी.

पहिला 1888 चा कायदा. त्याच्या 61 व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कामे दिली आहेत: गटारे, पाणी, झाडलोट, जन्ममृत्यूची नोंद, आगीपासून जीविताचे व मालमत्तेचे रक्षण. त्याच यादीत आहे आरोग्याला अपायकारक वस्त्या सुधारणे आणि सर्व प्रकारच्या उपद्रवांचे निवारण. म्हणजे रोगट जागा निरोगी करणे हे या महापालिकेचे एकशे पस्तीस वर्षांहून जुने, कायद्याने बांधलेले काम आहे. ज्यांचा मुद्दा पुढे येणार आहे ती वाचनालये मात्र 63 व्या कलमात येतात. ती ऐच्छिक. महापालिकेच्या मनात आले तर करायची.

दुसरा कागद केंद्र सरकारचे 1996 चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर सुचलेले हे शहाणपण. घातक रसायनांचे कारखाने असतील तिथे स्थानिक संकट गट असावा, त्याने दर सहा महिन्यांनी एक पूर्ण रंगीत तालीम घ्यावी, आणि अपघात झाला तर ज्यांना झळ बसेल त्या लोकांना उपाय व तयारी समजावून सांगावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वायू सुटला तर खिडक्या लावून घरात बसायचे की वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालू लागायचे? सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींना खाली कोण आणणार? या प्रश्नांची उत्तरे माहुलमधल्या प्रत्येक घराला तोंडपाठ हवीत. नियमांच्या भाषेत ती समजावून सांगणे हे संकट गटाचे काम आहे.

हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तेव्हा वाचनालय ऐच्छिक का, हे मला कळेनासे झाले. माहुलमध्ये सुरक्षितता वाचण्यावर अवलंबून आहे. न्यायाधिकरणाचा निकाल इंग्रजीत, हवेची मोजमापे इंग्रजीत. ज्यांच्या छातीविषयी हे सारे लिहिले, त्यांच्या मुलांना ते मराठीत कुठे बसून वाचता येईल? मद्रास प्रांताने 1948 मध्येच ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून ग्रंथालयांचा कायदा केला आणि ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर बसवला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात उपकर नाही. अनुदानावर तगणारी आपली वाचनालये जुन्या, बऱ्यापैकी मध्यमवर्गीय वस्त्यांत टिकली. पुनर्वसन वसाहतीत वाचनालय काढायला ना देणगीदार, ना शतक पाहिलेली एखादी संस्था.

आणि या सगळ्याचा जाब विचारणार कोण, हा प्रश्न उरतोच. 7 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार. 227 नगरसेवकांपैकी एकही नव्हता, प्रभाग समित्या नव्हत्या. गटाराची तक्रार कारकुनाकडे करता येते. पण केईएमच्या अहवालाचे पुढे काय झाले, हे जाहीर सभेत विचारायला निवडून आलेला माणूसच लागतो. कारकुनाला तो प्रश्न विचारून उपयोग नाही, त्याच्या टेबलावर तो अहवाल कधी आलेलाच नसतो.

याच काळात, 2025 मध्ये, महापालिकेने माहुलची 9,098 घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत 12 लाख 60 हजार रुपये. मुंबईत या पैशांत गाडी ठेवायची जागा मिळणे कठीण. तरीही अर्ज इतके तुरळक आले, की मुदत वाढवावी लागली. हे कर्मचारी म्हणजे केईएमच्या परिचारिका, अग्निशमन दलाचे जवान, विभाग कार्यालयांतले लिपिक. शहराची नाडी यांच्या हाताखालून जाते. घरासाठी जन्मभर कर्ज काढायला तयार असणारी ही माणसे स्वस्त घराला नकार देत होती. तानसा वाहिनीकाठच्या कुटुंबांपुढे अर्ज कधी आलाच नव्हता. त्यांच्या दारात आला तो बुलडोझर.

15 जानेवारी 2026 च्या मतदानाने नगरसेवक परत आले आहेत. चेंबूरच्या प्रतिनिधींनी 63 व्या कलमाचा आधार घेऊन एक ठराव मांडावा, एवढीच माझी मागणी आहे. रिकाम्या घरांपैकी तळमजल्यावरची शेजारशेजारची दोन घरे वाचनालयाला पुरतील. त्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तके हवीतच, मुले त्यासाठीच येतील. एका भिंतीवर मात्र रोजच्या हवेची मोजमापे लावावीत. कपाटात केईएमचा अहवाल, 2015 चा आणि 2020 चा निकाल मराठीत ठेवावा, आपत्कालीन योजनेची प्रत ठेवावी आणि पुढच्या रंगीत तालमीची तारीख दारावर लिहावी. वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडे असावे. दोन-दोन गाड्या बदलून कामावरून परतणाऱ्या बायकांना त्याआधी सवड होत नाही.