लोकांची आवड

शास्त्रीय संगीत रुजावे, या हेतूने १९५२ साली आकाशवाणीने चित्रपटगीते फार कमी केली. श्रोते मग रेडिओ सिलोनकडे वळले. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. तेथील लघुलहरी समुद्र ओलांडून बुलढाण्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांतही पोचत. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे अमीन सयानी त्यात गाण्यांचा क्रम सांगू लागले. ध्वनिमुद्रिकांचा खप व श्रोत्यांची पत्रे यांवरून तो ठरे. १९५३ च्या वार्षिक यादीत ‘अनारकली’तील गीत पहिले आले, त्याचे संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र होते. अखेर १९५७ साली आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली. अभिरुची घडवावी लागते. ती हुकमाने बदलत नाही.