पॅनल वाढवायच्या आधी वायर मोजा : कॅम्पर गाडीतलं बॅटरी-सोलरचं काम



परवाच्या व्हिडिओत कॅम्पर गाडीचं काम दाखवलं, पण कॅमेऱ्यासमोर आकडेमोड करत बसलो तर तुम्ही पळून जाल. म्हणून हिशेब इथे लिहून देतोय. आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कॅम्पर म्हटलं की कोणाला वीस लिटरचा पाण्याचा जार आठवतो, कोणाला डबल केबिनची पिकअप. मी बोलतोय ते पिकअपच्या हौद्यावर बसवलेल्या छोट्या खोलीबद्दल. आत झोपायला जागा, ओटा, फ्रिज, दोन पंखे, आणि छतावर सोलर पॅनल.

अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर आता दिसायला लागल्यात. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. भाड्याने गाड्या देणारे आले, रिटायर होऊन फिरणारे आले, आणि हौशी पोरं तर स्वतःच प्लायवूड कापून गाडी तयार करतात. सुतारकाम, गाद्या, पडदे यांना माणसं मिळतात. विजेचं काम नीट करणारा मात्र सापडत नाही. घरचा वायरमन बारा व्होल्टला हलक्यात घेतो, आणि गाडीच्या इलेक्ट्रिशियनला सोलरचं गणित माहीत नसतं. या दोघांच्या मधली जी जागा आहे, तिथे तुमचा धंदा आहे. त्यातही नवीन गाडी बांधण्यापेक्षा आधीच केलेल्या गाडीचं काम सुधारून द्यायच्या ऑर्डरी जास्त येतात.

माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान हायवेला लागून आहे. गेल्या हिवाळ्यात एक काका-काकू अशीच गाडी घेऊन आले. काका बँकेतून रिटायर झालेले, वर्षाचे साठेक दिवस गाडीत. त्यांची मागणी तयार होती : "अजून एक पॅनल टाका, आणि ही बॅटरी काढून लिथियमच्या दोन बसवा. पैशाचं बघू." सव्वा लाखाच्या पुढचं बिल झालं असतं. काका बोलत होते, काकू गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रात्री दोन-तीनला फ्रिज बंद पडतो हो. त्यात माझं इन्सुलिन असतं."

मंडळी, गिऱ्हाईक मागतं एक आणि त्याची अडचण असते दुसरीच. काकांना पॅनल हवं होतं, पण दुरुस्त करायचा होता रात्रीचा फ्रिज. मी म्हटलं, "काका, आज काही विकत नाही. गाडी रात्रभर दुकानासमोर लावा, सगळं नेहमीसारखं चालू ठेवा. तपासणीचे पंधराशे घेईन, काम दिलंत तर बिलातून वजा करीन." काकांना ते फारसं रुचलं नाही, पण काकूंनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

रात्री साडेअकराला मीटर लावला. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१ व्होल्ट, म्हणजे ट्युब्युलर बॅटरी साधारण निम्मी भरलेली. फ्रिजच्या टोकाला बघितलं तर कॉम्प्रेसर सुरू होताना ११.३! आणि तो फ्रिज ११.४ च्या खाली गेला की बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतो. फ्रिज त्याचं काम बरोबर करत होता, खोट वायरमध्ये होती. बॅटरी पुढे आणि फ्रिज मागे, वळसे घेत सात मीटर अंतर, आणि वायर घरात प्लगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची.

हे गणित वहीत उतरवून घ्या. तांब्याच्या वायरची एकूण लांबी (जाणारी अधिक येणारी, मीटरमध्ये) गुणिले ०.०१७५, भागिले वायरची जाडी स्क्वेअर एमएममध्ये. हा झाला वायरचा रोध. त्याला अँपिअरने गुणलं की किती व्होल्ट वाटेतच खर्च झाले ते कळतं. इथे चौदा मीटर, अडीचची वायर, सुरू होताना आठ अँपिअर : पाऊण व्होल्टहून थोडं जास्त गेलं. घरात २३० मधून पाऊण व्होल्ट गेलं तर पत्ताही लागत नाही, पण बारामधून गेलं तर फ्रिज बंद. तीच वायर दहा स्क्वेअर एमएमची केली की तोटा ०.२ व्होल्टवर येतो. काकांनी वर चार पॅनल लावली असती तरी त्या वायरमध्ये रात्री तेवढेच व्होल्ट वाटेत खर्च झाले असते.

मग लोडचा तक्ता केला. फ्रिज ४५ वॅटचा, पण दिवसभरात सुमारे चाळीस टक्के वेळ चालतो. म्हणजे साधारण ४५० वॅट-तास. दोन घरगुती टेबल फॅन, पन्नास-पन्नास वॅटचे, आठ तास : ८००. ते इन्व्हर्टरमधून चालतात, म्हणून बॅटरीतून जातात ९४० च्या आसपास. दिवे ७५, मोबाईल-लॅपटॉप १५०, पाण्याचा पंप २०. आणि कोणीच न मोजलेला एक खादाड पाहुणा म्हणजे खुद्द इन्व्हर्टर. काहीही न चालवता नुसता चालू ठेवला तरी तो १५ वॅट खात होता. चोवीस तासांचे झाले ३६०, म्हणजे फ्रिजच्या खर्चाला जवळजवळ गाठलंच. सगळी बेरीज दोन युनिट. (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास, तुमच्या लाईट बिलावरचंच ते युनिट.)

आता जमेची बाजू. छतावर एकच मोठं पॅनल होतं, ५४० वॅटचं. आपल्या राज्यात एक किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. गाडीवर ते आडवं झोपवलेलं, धूळ बसलेली, तापलेलं. तरी ५४० वॅटमधून दीड युनिट सहज यायला हवं. येत होतं पाऊणच्या आत. कारण आधीच्या फिटरने त्याला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला होता. हे मोठं पॅनल साधारण ४१ व्होल्टला १३ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो आणि अँपिअर तेवढेच ठेवतो. तेरा गुणिले तेरा म्हणजे १७० वॅट. बाकीचे ३७० वॅट पॅनल असूनही हातात येत नाहीत. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो, म्हणून तेच पॅनल दुपटीहून जास्त देतं. काकांना हवं असलेलं दुसरं पॅनल छतावर आधीपासूनच होतं म्हणा ना! नाहीतरी सव्वादोन मीटर लांब आणि अठ्ठावीस किलोच्या दुसऱ्या पॅनलला वर जागाही नव्हती.

शेवटी केलं काय? एमपीपीटी कंट्रोलर, फ्रिजला जाड वायर, आणि टेबल फॅन काढून वीस वॅटचे बारा व्होल्टवर थेट चालणारे पंखे. दिवेही थेट बॅटरीवर घेतले. इन्व्हर्टर आता फक्त मिक्सर लावताना चालू होतो. दिवसाचा खर्च दोन युनिटवरून एकावर आला. बॅटरी तीच, दीडशे अँपिअर-अवरची. कागदावर १८०० वॅट-तास, पण ट्युब्युलर निम्म्याच्या खाली उतरवली तर आयुष्य घटतं, म्हणून हाताशी ९००. रात्रीला सातशे लागतात. भागलं. कंट्रोलरला २० अँपिअरची मर्यादा घालून दिली, कारण दीडशेच्या ट्युब्युलरला एका वेळी पंधराच्या आसपासच द्यावेत. उरलेले दिवसा फ्रिज आणि चार्जिंग खातात.

बिल वीस हजारांच्या आत झालं. मटेरियल कमी, मजुरीचा वाटा मोठा, आणि मजुरीत मार्जिन चांगलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

लिथियमबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, पटलं तर घ्या. दुकानदार सायकलचा आकडा दाखवून विकतात : तीन हजार वेळा चार्ज होईल. काकांचे वर्षाला साठ दिवस. तीन हजाराला साठने भागा, पन्नास वर्षं! काका सत्तरीला टेकलेत. त्यांना तो आकडा सांगून विकणं म्हणजे शुद्ध थट्टा. हौशी माणसाला लिथियम द्यायचं तर कारणं वेगळी आहेत. दीडशेची ट्युब्युलर पन्नास-साठ किलोची असते, शंभरची लिथियम फॉस्फेट बारा-तेरा किलोची, आणि वापरायला मिळते जवळपास तेवढीच वीज, उलट थोडी जास्तच. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे झोपायच्या खोलीत ती बंद कपाटात ठेवता येत नाही, बाहेर हवा जाणारी नळी लागते. आणि अर्धवट भरलेली तीन महिने उभी राहिली की ती खराब होते. भाड्याने गाडी देणाऱ्याचं तसं नाही. त्याची गाडी वर्षाला दोनशे रात्री बाहेर असते, तिथे सायकलचा हिशेब लागू होतो आणि लिथियम खरंच स्वस्त पडतं. आधी विचारा गाडी वर्षाला किती रात्री वापरता. मग बॅटरी दाखवा.

गिऱ्हाईक लडाखला जाणार असेल तर अजून एक गोष्ट विचारा. शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, आतून कायमची बिघडते. बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडायची सोय आहे का, ते कंपनीच्या कागदावर बघूनच माल घ्या.

पावसाळ्याचं काय, हे सगळे विचारतात. कासच्या पठारावर फुलं बघायला लोक सप्टेंबरात येतात, आणि तेव्हा वर धुकं नाहीतर ढग. तिथे पॅनलवर विसंबून राहाल तर दुसऱ्या रात्री अंधार. अशांना डायनामोवरून चार्जिंग द्या, पण थेट वायर ओढून नाही. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट खेचते, त्याने डायनामो तापतो. बीएस-सहाच्या बऱ्याच गाड्यांचा डायनामो इंधन वाचवायला व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे बॅटरी धड भरतही नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तीस अँपिअरचा चार्जर, दोन तासांचा प्रवास : पाऊण युनिट आलं. पावसात हेच पॅनल म्हणायचं.

आता जे पाहून माझ्या पोटात गोळा आला ते सांगतो. काकांच्या गाडीत बॅटरीतून निघालेली इन्व्हर्टरची वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून गेली होती. भोकाला रबर नाही, वायरला फ्यूज नाही. गाडी हलते, पत्रा घासतो, एक दिवस इन्सुलेशन कापलं जातं. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर सोडते, आणि वर फोमच्या गादीवर दोन माणसं झोपलेली. म्हणून गाडी हातात घेतली की दर वगैरे बोलायच्या आधी हे बघा. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा, दुसऱ्या टोकाला नाही, कारण तो वायर वाचवायला असतो. हजार वॅटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर शंभरच्या आसपास अँपिअर खेचतो, तिथे पंचवीस-पस्तीस स्क्वेअर एमएमची केबल आणि तिला साजेसा फ्यूज. आणि घरातला एसीचा एमसीबी डीसीवर लावू नका. डीसीची ठिणगी तुटत नाही, लांबत जाते. डीसीचा एमसीबी वेगळा मिळतो. फ्यूज आणि रबराला गिऱ्हाईक नाही म्हणालं तर मी काम सोडतो. काकांनी नाही म्हटलं नाही.

कागदाचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं, आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळायला हवी. आपण बॅटरी-सोलरवाले, गाडीचा सांगाडा कापायच्या भानगडीत पडू नका. गाडी कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली आहे का ते बघा, आणि विमा कंपनीला काय कळवलंय ते गिऱ्हाईकाला स्पष्ट विचारा. गाडीची मूळ वायरिंग कुठेही तोडून जोड मारू नका, वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात येतो.

सुरुवातीला हत्यारं फार लागत नाहीत. डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. स्वस्तातला बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो, दुकानात उभं राहूनच तपासा. दुसरं, हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं हत्यार. थिंबल हातोडीने ठोकून बसवलेलं मी रोज बघतो, तिथेच ते तापतं आणि जळतं. बाकी मल्टीमीटर, हीट श्रिंक, लेबलं. काम झाल्यावर एका कागदावर वायरिंगचं चित्र काढून, फ्यूजचे आकडे लिहून, ओट्याच्या दाराच्या आतून चिकटवा. खाली तुमचा मोबाईल नंबर. काकूंच्या गाडीतल्या कागदाचा फोटो त्यांच्या ग्रुपवर फिरला, आणि तेवढ्यावर मला अजून दोन गाड्या आल्या.

थिंबल कसं दाबायचं ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर ओळखीतली एखादी फूड ट्रक किंवा कॅम्पर गाठा, वर दिलेला लोडचा तक्ता त्यांच्यासाठी फुकट करून द्या, आणि बेरजेत इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरायला विसरू नका.