सिकलसेल आणि सोयरीक

आमच्या केमचे कुंकू दूरवर जाते; उद्या सोयरीकही विदर्भात जुळेल. तिकडे बौद्ध व आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत करतात, पण आजाराचा विषय घरचे दडपतात.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. मात्र रुग्णाच्या जोडीदारात असा कोणताही रक्तदोष नसेल, तर मुले वाहक होतात, रुग्ण नव्हे. तेव्हा आजारी तरुण-तरुणींनी प्रेमच करू नये, हे आम्हाला मान्य नाही. १९५६ नंतर आपण पत्रिका सोडली (निदान सोडायला हवी होती!), इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल मात्र दोघांनी साखरपुड्याआधी पाहावा. अंगदुखीचे झटके येतात, प्रसंगी रक्त चढवावे लागते, हेही तेव्हाच सांगावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असल्यास मुलाचा विचार करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.