जुईच्या वासाने साप येत नाहीत

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात कुणाच्या कुंपणावर जुई चढली किंवा मधुमालतीने फाटकावर कमान धरली, की एक सल्ला हमखास येतो: "वेल काढून टाका, वासाने साप येतात." तेलुगू शेजारी जुईला त्यांच्या भाषेतल्या नावाने ओळखतात, मराठवाड्यातून येऊन काचीगुडा-बरकतपुऱ्यात स्थिरावलेली आपली माणसं जुई म्हणतात. भीती मात्र सगळ्यांची एकच. गेल्या पावसाळ्यात याच भीतीपोटी आमच्या जवळच्या एका अपार्टमेंटने कंपाउंडच्या भिंतीवरची जुनी जुई बुंध्यापासून तोडली. साप निघाला होता, हे खरं. पण त्याच भिंतीच्या पायथ्याशी असलेला फुटक्या फरशांचा ढीग आणि त्याखालची उंदरांची बिळं आजही जशीच्या तशी आहेत. दोष वेलीला देऊन मंडळी निर्धास्त झाली, याचा मला राग येतो.

साप वास कसा घेतो, हे आधी नीट समजून घेऊ. तो सारखी जीभ बाहेर काढतो ती कुणाला भिववायला नव्हे. दुभंगलेल्या जिभेवर हवेतले आणि जमिनीवरचे सूक्ष्म कण चिकटतात. जीभ आत गेली की ते टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचतात. त्यावरून उंदीर कुठून गेला, बेडूक कुठे आहे, मादी कोणत्या वाटेने गेली, हे सापाला कळतं. साप पूर्ण मांसाहारी. तो मध पीत नाही, पाकळ्या खात नाही. जुईच्या वासात त्याला भक्ष्याचीही खूण नाही आणि जोडीदाराचीही. तो वास आहे पतंगांसाठी. रात्री उमलणारी फुलं बहुधा पांढरी आणि सुगंधी असतात, कारण अंधारात परागीभवन करणाऱ्या पतंगांना ती सापडायला हवीत.

तरीही शंका उरत असेल, तर पहाटे गुडीमलकापूरच्या फुलबाजारात जाऊन यावं. मल्ली, जाई, जुई, कनकांबरं यांचे तिथे ढीग लागतात. सुगंधाने साप ओढले जात असते, तर हैदराबादेतले सगळे साप तिथेच गोळा झाले असते आणि हारवाल्यांना टोपलीत हात घालणं अशक्य झालं असतं.

मग समज आला कुठून? चंदनाला विळखा घातलेले साप हा संस्कृत काव्यातला जुना संकेत आहे. तो कवींनी वापरला आणि लोकांनी खरा मानला. केवड्याच्या बाबतीत निरीक्षण बरोबर होतं, कारण मात्र चुकीचं लावलं गेलं. केवड्याचं दाट, काटेरी बन पाणथळ जागी वाढतं. तिथे बेडूक असतात आणि लपायला जागाही असते, म्हणून साप असतात. रातराणीबद्दल तर "पूर्वापार सांगतात" असं म्हणायचीही सोय नाही. ती मूळची मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजकडची. आपल्या पूर्वजांनी तिच्याखाली साप पाहून नियम घालून दिला असेल, हे संभवत नाही.

वेलीजवळ साप कधीच दिसत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दिसतो. न छाटलेली जुई जमिनीवर लोळते, खाली पालापाचोळा साचतो, सावली आणि ओल टिकते. उंदीर, बेडूक, सरडे तिथे आसरा घेतात आणि त्यांच्या मागे साप येतो. वेलीशेजारी रात्रभर बल्ब जळत असेल, तर किडे जमतात, किड्यांवर पाली येतात आणि पालींवर कवड्या. हा बिनविषारी साप भिंत सहज चढतो आणि घरात सापडतो तेव्हा मण्यार समजून मारला जातो. ओळख अशी: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि डोक्याकडे विरळ होतात. पण ही ओळख दुरून पाहण्यापुरतीच ठेवावी. साप हाताळायला आपण जाऊ नये. हैदराबादेत फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी ही संस्था 1995 पासून साप पकडून सुरक्षित सोडण्याचं काम करते, तिला बोलवावं. नाग आणि धामण यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय धामण उंदीर खाते. तिला मारून उंदीर वाढवायचे आणि पुन्हा साप आला म्हणून वेल तोडायची, हे कोणत्या शहाणपणात बसतं?

करायचं एवढंच. वेल मांडवावर किंवा जाळीवर चढवावी, जमिनीपासून दीड-दोन फूट बुंधा मोकळा ठेवावा. पालापाचोळा झाडून काढावा. विटा, फरश्या, जुनी लाकडं भिंतीला टेकवून ठेवू नयेत. बिळं बुजवावीत, गटाराची झाकणं घट्ट बसवावीत. फिनेल शिंपडून, लसूण टाकून किंवा सर्पगंधेचं रोप लावून साप दूर राहतात, हाही भ्रमच. त्या खर्चात उंदरांचा बंदोबस्त होईल.

इतर समजांना फार जागा देत नाही. मधुमालतीवर पांढरी, गुलाबी आणि लाल फुलं एकाच वेळी दिसतात ती कलमामुळे नव्हे. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत गुलाबी, मग लाल होतं. बोगनवेलीला फुलांसाठी रोज पाणी घालणारे तिची पानंच वाढवतात. मूळ धरलेल्या वेलीची माती दोन पाण्यांच्या मध्ये चांगली सुकू द्यावी, तेव्हा ती रंगते. आणि तो रंगही पाकळ्यांचा नाही, खरं फूल म्हणजे आतली बारीक पांढरट नळी. पाळीच्या दिवसांत बाईने हात लावला तर जाई-जुई जळते, हे अजूनही सुशिक्षित घरांत सांगितलं जातं, आणि तेही मुलींना. वेल जळते पाण्याअभावी, मुळाशी पाणी साचल्याने किंवा किडीमुळे. मुलींना याखातर अंगणातून हाकलणं ताबडतोब थांबलं पाहिजे.

राहिली छाटणी. "कात्री लावली की वेल रुसते" म्हणून वर्षानुवर्षं जुई तशीच वाढू देतात आणि फुलं कमी झाली की खताला दोष देतात. जुईला कळ्या नव्या फुटीवर येतात. कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, की जुई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जमिनीपासून सुमारे 45 सेंटिमीटरवर छाटावी. ही शिफारस शेतातल्या झुडपी लागवडीसाठी आहे. मांडवावरच्या वेलीची मुख्य खोडं राखून बाजूच्या फांद्या आखूड कराव्यात, वाळलेल्या आणि रोगट फांद्या काढाव्यात, छाटणीआधी पाणी थोडं तोडावं, नंतर शेणखत घालून पाणी सुरू करावं. तळ मोकळा झाल्याने सापाला लपायला जागाही उरत नाही.