तळहाताएवढा संगणक : शिकताना सुरुवात कोठून करावी?



आपल्या घरची कॉलेजातली पोरे हल्ली ‘आर्दुइनो’ नावाचा छोटा बोर्ड मागवितात आणि आठ दिवसांत तो विहिरीवरच्या मोटरीला जोडायला निघतात, असे आमच्या कानी येते. हौस चांगलीच आहे. परंतु गाठ चारशे व्होल्टच्या आसपासच्या विजेशी आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

हा बोर्ड २००५ साली इटलीतील इव्रेआ गावच्या एका डिझाईन संस्थेत तयार झाला. तेथले विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्सचे नव्हते. त्यांनाही दिवा, मोटर, सेन्सर स्वतः चालविता यावा, एवढाच हेतू. त्यातला ‘उनो’ हा प्रकार नवशिक्याला बरा. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर लिहायचा आणि यूएसबी वायरीने बोर्डात उतरवायचा. वायर काढली तरी तो पुसला जात नाही.

पहिला धडा दिवा लुकलुकविण्याचा. दिवा लाव, हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद थांब, विझव, पुन्हा थांब. एवढे लिहिले की बोर्ड घाण्याच्या बैलासारखा तेच करीत राहतो. ओळीअखेरचा अर्धविराम राहिला तरी प्रोग्रॅम अडतो. पोरगं वैतागतं, वैतागू द्या, चूक शोधता शोधताच त्याला प्रोग्रॅम वाचायला येतो.

पुढे बाहेरचा एलईडी जोडावा. बोर्डाच्या पिनेवर ५ व्होल्ट येतात, तांबड्या एलईडीला सुमारे २ लागतात. उरलेले ३ व्होल्ट अडवायला २२० ओहमचा रेझिस्टर घातला की सुमारे १४ मिलिअँपिअर वीज वाहते. पिनेवर २० च्या वर भार टाकू नये. आता हिशेब पाहा. ५ हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटर सुमारे ७ अँपिअर ओढते, म्हणजे पिनेच्या ताकदीच्या साडेतीनशे पट! मध्ये रिले आणि स्टार्टरचा काँटॅक्टर लागतोच. साध्या रिलेची कॉइलसुद्धा पिनेला झेपत नाही, तिला ट्रान्झिस्टर लागतो; तयार रिले मोड्यूलवर तो बसविलेला असतो.

रिलेच्या पलीकडची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनचीच. प्रोग्रॅम अडकला, रिले चिकटला, तर विहीर आटली तरी मोटर चालूच राहील. म्हणून हाताचे बटण, ओव्हरलोड आणि ड्राय-रनचे संरक्षण कधी काढू नये. ऑटो बसवून गाढ झोपणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तोवर शिकायला मातीच्या ओलीचा सेन्सर उत्तम. बोर्ड त्याचे माप ० ते १०२३ अशा आकड्यात देतो. हा आकडा म्हणजे ओलीची टक्केवारी नव्हे. एका कुंडीत आपल्याच रानाची वाळलेली माती, दुसऱ्यात वाफशावरची, तिसऱ्यात चिंब भिजलेली घ्यावी आणि तिन्हींचे आकडे वहीत लिहावेत. काळ्या रानाचे आकडे मुरमाड रानाला चालणार नाहीत. उघड्या धातूच्या दोन पात्यांचा स्वस्त सेन्सर ओल्या मातीत वीज वाहून लवकर झिजतो, मग आकडे खोटे येतात. कपॅसिटिव्ह जातीचा जास्त टिकतो, फक्त त्याच्या वरच्या भागाला पाणी लागू देऊ नये.

माती वाळली की एलईडी पेटावा, एवढेच आधी जमवावे. महिनाभर ते बिनचूक चालले, तर वायरमनला बोलवा. तोपर्यंत स्टार्टरच्या पेटीला कुलूप असू द्या.