बायोप्सीची स्लाइड कॉम्प्युटरवर तपासतात म्हणजे नेमके काय करतात?

रहिमतपूरला घरी स्तनातली गाठ हाताला लागते, साताऱ्याला किंवा कऱ्हाडला बायोप्सी होते आणि दुसऱ्या मतासाठी स्लाइड पुण्या-मुंबईला न्यायचे ठरते. हल्ली तिथे 'स्लाइड स्कॅन करून कॉम्प्युटरवर मोजतील' असेही कानावर येते. मग घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: कॅन्सर आहे की नाही हे आता मशीन ठरवणार का?

नाही. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टचीच असते. मशीनचे काम मोजणीचे.

गाठीचा तुकडा मेणात बसवून 'ब्लॉक' करतात. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवतात. स्कॅनर या कापाचा फोटो काढतो, आणि त्यातला प्रत्येक ठिपका पाव मायक्रॉनचा असतो. दोन सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद कापाचे चित्र त्यामुळे ४८० कोटी ठिपक्यांचे होते, म्हणजे १२ मेगापिक्सेलचे सुमारे ४०० मोबाइल फोटो. हे सगळे एकदम हाताळणे कठीण असते. म्हणून सॉफ्टवेअर आधी रिकामी काच वगळते आणि चित्राचे हजारो छोटे चौकोन पाडते. प्रत्येक लॅबचा रंग थोडा फिका किंवा गडद असतो, तो शक्य तितका सारखा करून घेते. मग प्रत्येक चौकोनातल्या पेशींची केंद्रके शोधून त्यातली किती तपकिरी झाली ते मोजते.

हे तपकिरी टक्के महत्त्वाचे. स्तनाच्या गाठीत 'ईआर' तपासतात. कॅन्सरच्या १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तर गाठ ईआर पॉझिटिव्ह धरतात (१ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह'), आणि हॉर्मोनच्या गोळ्यांचा विचार त्यावरून होतो. गंमत म्हणजे स्तनाच्या निरोगी नलिकांतल्या पेशीही ईआरने रंगतात. मोजणीत त्या शिरल्या तर आकडा चुकतो. म्हणून कॅन्सरचा भाग कोणता, याची खात्री पॅथॉलॉजिस्टला करावी लागते.

सॉफ्टवेअरला न सुधारता येणारी चूक

काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. उशीर झाला तर ईआर असूनही दिसत नाही. जे रंगलेच नाही ते कोणते सॉफ्टवेअर मोजणार? साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये तासन् तास ठेवून आणलेले तुकडे आम्हाला आजही पाहावे लागतात. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते, त्यामुळे पूर्ण काढलेली मोठी गाठ लॅबमध्ये लवकर पोहोचून तिचे काप व्हावे लागतात. शनिवारी ऑपरेशन झाले आणि बाटली बुधवारपर्यंत घरातच, असे होऊ देऊ नका.

बाटली तुमच्या हातात दिली तर आत फॉर्मॅलिनच आहे ना, तुकडा पूर्ण बुडाला आहे ना आणि बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहिली आहे ना, हे तिथेच विचारून घ्या. झाकण घट्ट हवे. एसटीत किंवा रेल्वेत ते उघडून पाहू नका, वाफेने डोळे चुरचुरतात.

दुसऱ्या मताला जाताना स्लाइडबरोबर मेणाचा ब्लॉक आणि जुना रिपोर्टही मागून घ्या. स्कॅन केलेल्या चित्रावर नवा रंग चढवता येत नाही. पुन्हा ईआर करायचे झाले तर ब्लॉकच लागतो. तो उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते.