वायूही गाळून घ्यावा लागतो



गुऱ्हाळ म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. काहिलीत उसाचा रस तापू लागला, की गुळव्या त्यात भेंडीचा चिकट रस सोडतो. मळी वर येते, आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. मळी वेळेवर निघाली नाही, तर पुढं जाळ कितीही चांगला असो, गूळ काळाच उतरायचा. आज ज्या यंत्राची माहिती आपण करून घेणार आहोत, त्याचीही हीच रीत आहे. या यंत्राला इंधनघट म्हणतात. तो वायूपासून वीज तयार करतो. पण त्या वायूतली मळी आधी काढली नाही, तर घटच निकामी होतो.

इंधनघट म्हणजे साठवलेल्या विजेची बॅटरी नव्हे. चुलीत जळण घालावं तोवर चूल पेटती राहते, तसं या घटाला वायू द्यावा तोवर तो वीज देतो. फरक एवढाच, की इथं जाळ नसतो. एका बाजूनं हायड्रोजन वायू येतो, दुसऱ्या बाजूनं हवेतला प्राणवायू. मध्ये एक पातळ पडदा, आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनम या महागड्या धातूचे अतिसूक्ष्म कण. या कणांवर हायड्रोजन फुटतो, त्यातले विजेचे कण तारेतून वाहू लागतात, आणि शेवटी दोन्ही वायू एकत्र येऊन पाणी होतं. वीज, ऊब आणि पाणी, एवढंच बाहेर पडतं. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह या वेल्श शास्त्रज्ञानं ही युक्ती दाखवून दिली.

हे काम आपल्याकडेही चाललं आहे. २६ सप्टेंबर २०१९ रोजी दिल्लीत तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते ५ किलोवॅटच्या देशी इंधनघट संचाचं अनावरण झालं. त्यामागं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसह तीन सरकारी प्रयोगशाळा आणि पुण्याचीच थरमॅक्स कंपनी होती. मिथेनॉल किंवा जैव मिथेन वापरून वीज करावी, असा त्या संचाचा बेत होता. पुढं २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात हायड्रोजनवर चालणारी इंधनघटाची बस दाखवण्यात आली. ती याच रासायनिक प्रयोगशाळेनं आणि केपीआयटी या कंपनीनं मिळून तयार केली होती.

जैव मिथेन म्हटलं, की गोबर गॅस आठवतो. म्हणजे शेणापासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून वीज, अशी साखळी जुळू शकते. मग अडतं कुठं? अडतं ते मळीपाशी.

शेणाच्या वायूत शंभरातले साधारण ५५ ते ६० भाग मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शिवाय पाण्याची वाफ, आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा म्हणजे गंधकाचा वायू. हजारात एखाद-दोन भागच असतो, पण खरा उपद्रवी तोच. हुपरीचे चांदीचे पैंजण पेटीत ठेवले तरी काळे पडतात ना? हवेत लेशमात्र असलेला गंधक चांदीला धरतो, म्हणून. प्लॅटिनमलाही तो असाच जाऊन चिकटतो. पैंजण काळे पडले तर घासून लख्ख करता येतात. घटाच्या आतले कण कोण घासणार? ज्या जागी हायड्रोजननं बसायचं, ती जागा गंधक अडवून बसतो, आणि वीज कमी कमी होत जाते.

दुसरा शत्रू कार्बन मोनॉक्साइड. मिथेनपासून हायड्रोजन काढताना तो वाटेतच तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि प्लॅटिनमवर तोही ठाण मांडून बसतो.

या घटांना किती शुद्ध वायू लागतो? गाड्यांतल्या घटांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात कार्बन मोनॉक्साइड ५० लाख भागांत एकच भाग चालतो. गंधकाचे तर १०० कोटी भागांत फक्त ४ भाग. तुलनेसाठी पाहा. इंजिनाच्या गाडीत भरायच्या जैव वायूला भारतीय मानकानं घनमीटरमागं २० मिलिग्रॅम गंधकापर्यंत मुभा दिली आहे. म्हणजे इंधनघटाचं पथ्य त्याहून तीन हजार पटींहून अधिक कडक झालं.

एवढी सफाई एका गाळणीनं होत नाही. ती पायरीपायरीनं करतात, आणि पायऱ्यांचा क्रम चुकवून चालत नाही.

पहिली पायरी म्हणजे नळीत साचलेलं पाणी काढून टाकणं. दुसरी, गंधक. गंजलेल्या लोखंडाच्या किसातून वायू सोडला, की गंज गंधकाला धरून ठेवतो आणि तांबूस कीस काळा पडतो. गंज थोडा ओलसर असावा लागतो, म्हणून वायू आधीच खडखडीत कोरडा करायचा नाही. एवढ्यानं बराचसा गंधक जातो. उरलेला चाळण्यासाठी कारखान्यात ३०० ते ४०० अंश तापलेल्या झिंक ऑक्साइडमधून वायू नेतात.

तिसरी पायरी हायड्रोजन काढण्याची. मिथेन आणि वाफ मिळून ७०० ते ८०० अंशांवर निकेलवरून नेली, की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. निकेललाही गंधक सोसत नाही, म्हणून गंधक आधी काढायचा. चौथी पायरी, त्या मोनॉक्साइडला आणखी वाफ द्यायची. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि वर थोडा हायड्रोजनही मिळतो. शेवटी दाबाखाली खास खड्यांच्या थरातून वायू नेतात. उरलीसुरली घाण खडे धरतात, हायड्रोजन पुढं जातो.

काही घट १६० ते १८० अंशांवर चालवतात. एवढ्या उष्णतेत मोनॉक्साइड प्लॅटिनमवर घट्ट बसत नाही, आणि शंभरात एखादा भाग आला तरी घट सोसतो. २०१९ चा देशी संच याच जातीचा. गंधकाची सफाई मात्र इथंही चुकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप आमच्या गोठ्यात कसा व्हायचा? खरं आहे. आज घरच्या शेणावर इंधनघट चालवणं परवडणारं नाही. घरची शेगडी पेटवायला गोबर गॅस उत्तम. पण पहिल्या दोन पायऱ्या तुमच्याही हातच्या आहेत, आणि गोबर गॅसवर इंजिन चालवत असाल तर उपयोगाच्या आहेत, कारण हाच गंधक इंजिनाचे भाग खातो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर लोखंडाचा कीस भरपूर निघतो. त्याचं तेल धुऊन काढा, पाणी शिंपडून तो उघड्यावर गंजू द्या, आणि झाकणाच्या डब्यात सैलसर भरून वायूच्या नळीत बसवा.

कीस काळा पडला, की वायूची चावी बंद करून तो बाहेर काढायचा. तो पातळ पसरून, पाणी शिंपडत हवेवर ठेवला, की पुन्हा तांबूस होतो आणि काही वेळा वापरता येतो. मात्र सांभाळा. हवा लागताच तो तापतो, कधी पेटही घेतो. कडब्याच्या गंजीजवळ तो टाकू नका. आसपास विडी पेटवू नका.

आणखी एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर सावध व्हायला वेळ आहे. वायू फार वाढला, की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असं समजून गोबर गॅसच्या खड्ड्यात कुणीही उतरू नये. आत पडलेल्याला काढायला म्हणून दुसऱ्यानं तसंच उतरणं, हे तर आणखी घातक.

शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवता येईल. उकडलेल्या अंड्याचा कोमट बलक आणि घासलेलं चांदीचं वळं एका डब्यात झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वळं काळवंडलेलं दिसेल. प्लॅटिनमचं दुखणं मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्या वळ्यावरून लवकर समजेल.

गोठ्याजवळ लोखंडाच्या किसात जी घाण अडते, ती काढायला खर्च नगण्य. तीच घाण पुढं घटापर्यंत गेली, तर लाखमोलाचा घट जातो. म्हणून मळी पहिल्या काहिलीतच काढावी, हे गुऱ्हाळावरचं शहाणपण इंधनघटालाही लागू आहे.